दहावी-बारावीनंतरची निवड : जे काम कधी पाहिलेच नाही, ते मुलांनी निवडायचे कसे?

शाळामास्तर

गेली एकोणीस वर्षे मी एका खेड्यातील माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. त्यांपैकी बहुतेक वर्षे दहावीचा वर्ग माझ्याकडे राहिला आहे. दरवर्षी निकाल लागला की पुढचे आठ-दहा दिवस पालक घरी येत राहतात आणि जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, "सर, याला पुढे कशाला घालू?" मुलगा किंवा मुलगी शेजारीच उभी असते, पण प्रश्न तिला कोणी विचारत नाही. मीही कित्येक वर्षे तो पालकांच्या वतीने सोडवत राहिलो : गुण पाहायचे, घरची परिस्थिती विचारायची, तालुक्याला जाणारी एसटी किती वाजता येते ते पाहायचे आणि त्यावरून शाखा सांगायची. एसटीची वेळ मी उगाच लिहिली नाही. अकरावीत विज्ञान की कला हा निर्णय सकाळी साडेसहाच्या गाडीवर झाल्याची किमान दहा उदाहरणे मला आठवतात आणि त्यांतील बहुतेक मुलींची आहेत. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, ही मोठीच सोय आहे. पण गाडीच नसेल तर पास घेऊन काय करायचे?

मागच्या वर्षी मी दहावीच्या वर्गात एक साधा प्रयोग केला. प्रत्येकाने पुढे कोणते काम करायला आवडेल ते कागदावर लिहावे, असे सांगितले. पोलीस, सैन्य, डॉक्टर, इंजिनिअर, तलाठी आणि शिक्षक या सहा उत्तरांत जवळजवळ सगळा वर्ग आला. मग म्हटले, आता कागद उलटा करा आणि ते काम करणाऱ्या माणसाचा एक दिवस, सकाळी उठल्यापासून घरी परतेपर्यंत, दहा ओळींत लिहा. वर्ग अगदी शांत झाला. इंजिनिअर लिहिणाऱ्या एका हुशार मुलाने "ते कंपनीत जातात" एवढेच लिहून पेन खाली ठेवले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र दोन्ही बाजू भरून पुरवणी मागितली. तो सुट्टीत मामाबरोबर जळालेल्या पाण्याच्या मोटारी नव्या तारेने भरायच्या, म्हणजे रिवाइंडिंगच्या, कामाला जातो. जळालेली कॉईल ओळखायची कशी, जुनी तार काढताना वेढे मोजून वहीत का लिहायचे आणि हंगामात शेतकरी रात्री दहालाही दार का ठोठावतो, हे सारे त्याने लिहिले होते. गणितात तो जेमतेम काठावर पास होणारा मुलगा आहे.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. आपल्या मुलांना माहिती कमी पडते असे आपण म्हणतो, पण माहिती आता मोबाईलवर हवी तितकी मिळते. त्यांना कमी पडते ते प्रत्यक्ष पाहणे. शहरातील मुलाच्या नात्यागोत्यात, शेजारीपाजारी दहा प्रकारचे नोकरदार असतात. आमच्या मुलाला गणवेशातली आणि खुर्चीतली माणसे तेवढी दिसतात, म्हणून तो तीच निवडतो. आपापल्या क्षेत्राची वाट खरोखर चालून गेलेल्या मंडळींनी इथे लिहावे, अशी विनंती आहे. मला कौतुकाच्या कहाण्या नकोत; काम कसे असते आणि वाट कुठे अडते, ते हवे आहे.

कानस

सर, मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, जोडारी (फिटर) व्यवसायाचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, आहे. आपण वर्णन केलेली मुले दरवर्षी माझ्याकडे येतात. बहुतेकांचे वडील दाखल्याच्या दिवशी पडेल आवाजात सांगतात, "गुण कमी पडले, म्हणून इथे आणले." मुलगा ते ऐकत असतो. त्याच्या मनातून ते वाक्य काढायला मला पुढचे सहा महिने लागतात.

आमच्याकडे सुरुवातीचे काही आठवडे मुलाच्या हातात कानस आणि लोखंडाचा चौकोनी तुकडा असतो. तो तुकडा व्हाइसमध्ये पकडून घासायचा, ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, लावून उजेडासमोर धरायचा आणि कडेखालून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचा. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड येतात आणि काही मुले इथेच सोडून जातात. जी टिकतात, त्यांच्यात एक बदल मी दरवर्षी पाहतो. ज्या मुलाला शाळेत दशांश अपूर्णांक कधी जमले नाहीत, तोच मुलगा व्हर्नियर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटरचा फरक वाचतो आणि शेजाऱ्याचे माप चुकले हे ठामपणे सांगतो. गणित त्याच्यात आधीपासून होते. ते बाहेर यायला हातात वस्तू हवी होती.

आता वाटेविषयी लिहितो, कारण ती नीट माहीत नसल्यामुळे पालक घाबरतात. जोडारी, वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन), कातारी (टर्नर), यंत्र कारागीर (मशिनिस्ट) हे दोन वर्षांचे व्यवसाय आहेत. संधाता (वेल्डर), नळ कारागीर (प्लंबर), डिझेल मेकॅनिक यांना एक वर्ष लागते. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनावर शिकाऊ उमेदवार म्हणून राहता येते. माझ्या मते खरे शिक्षण तिथे पुरे होते. दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केलेल्या मुलाला तंत्रनिकेतनाच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. म्हणजे आयटीआयला गेलेल्या मुलाचे पुढचे दार बंद झाले, हा समज चुकीचा आहे.

तरीही एक अडचण मी लपवणार नाही. थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्या मुलाचे पहिल्या वर्षाचे गणित राहून गेलेले असते आणि नेमके त्याच विषयात तो अडकतो. माझे काही चांगले विद्यार्थी तिथून परत आले आहेत. ज्याला हा मार्ग घ्यायचा आहे, त्याने आयटीआयची दोन वर्षे चालू असतानाच संध्याकाळी गणित धरून ठेवावे. निकालानंतर उन्हाळ्यात ते भरून निघत नाही. खासगी संस्थेत प्रवेश घेण्यापूर्वी तिथल्या त्या विशिष्ट व्यवसायाला संलग्नता आहे का, हेही पाहून घ्यावे. संस्थेला मान्यता असते आणि एखाद्या तुकडीला नसते, असे होऊ शकते.

सात_वर्षे_अभ्यासिकेत

मास्तर, आपल्या वर्गातील "तलाठी" लिहिणारा मुलगा म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा मी. पदवी झाल्यावर मी स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेलो आणि तिथे सात वर्षे राहिलो. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो आणि एकदा अंतिम यादीत थोडक्या गुणांनी राहिलो. आज मी एका शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब आणि खरेदीचे काम पाहतो. ते मला आवडते, पण ते मी तेविसाव्या वर्षीही करू शकलो असतो.

स्पर्धा परीक्षा वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. माझे तीन मित्र त्यातून अधिकारी झाले आणि त्यांच्या घरांचे दारिद्र्य एका पिढीत संपले. मला मुलांना आकडा सांगायचा आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक आले. एका जागेमागे दोनशेहून अधिक माणसे उभी होती आणि त्यांतील पुष्कळजण माझ्याइतकाच अभ्यास केलेले होते. अशा ठिकाणी "मेहनत केली की मिळतेच" हे वाक्य खरे राहत नाही. मेहनत केलेल्यांपैकीही बहुतेकांना ते मिळत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे इथे थांब असे कोणी म्हणत नाही. राज्यसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ वर्षे आहे. ही सवलत देण्यामागे हेतू चांगला आहे, पण पंचविशीतल्या मुलाला त्यामुळे पुढची तेरा-चौदा वर्षे मोकळी दिसतात. जाहिरात लांबते, परीक्षा पुढे जाते, निकाल न्यायालयात अडकतो आणि दर वेळी वाटते की एवढी एक संधी घेऊ. गावाकडे वडील दर महिन्याला पैसे पाठवत असतात आणि फोनवर काही विचारत नाहीत. त्यांचे ते न विचारणे मला परीक्षेपेक्षा जड गेले.

म्हणून मला कोणी विचारले तर मी दोनच गोष्टी सांगतो. अभ्यासिकेत पाऊल ठेवण्यापूर्वी परत फिरण्याची तारीख वहीवर लिहून ती घरातल्या दोघांना दाखवावी. मनातली तारीख पुढे ढकलता येते, वडिलांनी वाचलेली ढकलता येत नाही. आणि कला शाखेची पदवी केवळ परीक्षेला बसण्यापुरती घेऊ नये. मी तीच चूक केली. तीन वर्षे महाविद्यालयात नाव होते, उपस्थिती नव्हती आणि शेवटी हातात कागद होता, पण त्या कागदाच्या आधाराने करता येईल असे एकही काम मला येत नव्हते.

बांधावरून

मास्तर, मी शेतकरी आहे आणि एका मुलीचा बाप आहे, म्हणून थोडे वेगळे लिहितो. आपण मुलांना कामे दाखवा म्हणता, ते पटले. पण एक काम त्यांनी जन्मापासून पाहिले आहे आणि तेच करू नका असे आम्ही त्यांना रोज सांगतो. मी स्वतः मुलाला सांगितले आहे की बाबा, काहीही कर, पण शेतीत राहू नकोस. हे सांगताना मला काय वाटते, ते लिहिता येत नाही. पाऊस, भाव आणि कर्ज या तिन्ही गोष्टी माझ्या हातात नाहीत, असा धंदा मी पोराच्या गळ्यात कसा बांधू? पण मग हेही दिसते की राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत, तिथे प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागते आणि तिथल्या मुलांना शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात पाठवतात. आमच्या गावात असे विद्यार्थी आले होते. त्यांतील एकाने माझ्याच बांधावर उभे राहून माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा ते मला दाखवले : शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घ्यायचे, बाजूची माती खरवडायची, सगळी एकत्र करून चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. वीस वर्षे शेती करून मला हे ठाऊक नव्हते. तेव्हा वाटले की मुलाला मी शेतीचे कष्ट दाखवले, शेतीचे ज्ञान दाखवलेच नाही.

आता माझा प्रश्न. मुलगी यंदा बारावी विज्ञान झाली. ७२० गुणांच्या नीटमध्ये तिला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्याइतके गुण नाहीत. पुन्हा एक वर्ष शिकवणी लावा, असे नातेवाईक म्हणतात. तिची मैत्रीण नर्सिंगला जाते आहे. आमच्या घरी त्याबद्दल "दुसऱ्याची सेवा करायची, रात्रपाळी करायची" असे बोलले जाते. मला तिला काय सांगावे ते कळत नाही.

परिचारिका_१४

दादा, मी चौदा वर्षे परिचारिका आहे आणि माझे वडीलही शेतकरीच होते. त्यांनाही हाच प्रश्न पडला होता, म्हणून आपल्याला उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते.

आधी वाट सांगते. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे असते आणि त्यासाठी राज्यात स्वतंत्र सीईटी होते. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही तीन वर्षांची पदविका आहे आणि एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी) दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. महाविद्यालय नर्सिंग परिषदेने मान्य केलेले आहे ना, हे आधी तपासावे, कारण अभ्यासक्रम झाल्यावर नर्सिंग परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय काम करता येत नाही. घरची परवानगी आणि पैसा असेल तर मी बीएस्सीचा आग्रह धरीन, कारण पुढे शिकवण्याच्या आणि वरच्या पदांच्या वाटा तिथून सोप्या होतात. पण घर लवकर सावरायचे असेल तर जीएनएममध्ये कमीपणा नाही. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. आपला अभ्यासक्रम आणि ते महाविद्यालय त्यात बसते का, हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारून घ्या. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च त्यात येत नाही, तोही आधीच धरावा.

आता काम सांगते. रात्रपाळी असते आणि ती सोपी नसते. पहाटे चारच्या सुमारास शरीर साथ सोडते आणि नेमक्या त्याच वेळी एखाद्या रुग्णाचा श्वास बदलतो. तो बदल यंत्राच्या आधी ओळखायला शिकावे लागते. औषधाची मात्रा काढताना चूक चालत नाही. नातेवाईकांचा राग बहुतेक वेळा डॉक्टरांवर निघत नाही, समोर असलेल्या सिस्टरवर निघतो. हे सगळे मुलीला स्पष्ट सांगा. त्याबरोबर हेही सांगा की पहिल्या पगारातून मी वडिलांच्या विहिरीवरचे कर्ज फेडायला सुरुवात केली आणि तेव्हापासून घरातल्या कोणत्याही निर्णयात मला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. "दुसऱ्याची सेवा" म्हणणाऱ्या घरात मुलीच्या शब्दाला वजन आले, ते त्या नोकरीमुळे आले.

नीटसाठी आणखी एक वर्ष द्यावे की नाही, ते गुणांवरून ठरवू नका. तिने स्वतः मागितले तर द्यावे. नातेवाईकांनी मागितले म्हणून देऊ नये. मात्र निर्णयाच्या आधी तिला हे काम एकदा पाहू द्या. आपल्या भागातील आरोग्य उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी तिथल्या सिस्टरना आधी विचारून तिला दिवसभर त्यांच्याजवळ बसू द्या. बहुतेक सिस्टर नाही म्हणणार नाहीत; गर्दीच्या दिवशी नोंदी करायला हात हवाच असतो.

शाळामास्तर

सर्वांचे मनापासून आभार. कानस यांनी सांगितलेली गणिताची अडचण मी कुठेच वाचली नव्हती. आता आयटीआयला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ती सांगेन. ताई, आपले उत्तर मी छापून वर्गातील फलकावर लावू इच्छितो, परवानगी असावी.

एक गोष्ट इथे लिहितो, कारण तिच्यामुळे आमच्या शाळेतील दोन मुलांचे प्रवेश हुकले आहेत. मागास प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा असेल तर जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते जिल्हा समितीकडून मिळायला काही महिने जाऊ शकतात. निकालानंतर धावाधाव केली तर ते वेळेवर हाती येत नाही. विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अर्ज करावा. आजोबा-पणजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जातीची नोंद आणि वडिलांचे नाव जुळते का, हे उन्हाळ्याच्या सुट्टीतच बघून ठेवावे. एका मुलाच्या आजोबांच्या नावात एक अक्षर चुकले होते आणि ते दुरुस्त होईपर्यंत प्रवेशाची फेरी संपली. मुलगा हुशार होता, सीईटीचे गुण चांगले होते आणि एका अक्षरासाठी वर्ष गेले. या गोष्टीचा मला आजही त्रास होतो, कारण तो दाखला मी नववीतच मागून पाहू शकलो असतो.

काम पाहण्याविषयी बोलायचे तर पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाचे उदाहरण आपल्याकडे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला आणि शाळा सोडलेल्या मुलांना बांधकाम, वीज, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य यांचे काम करत शिकण्याची सोय केली. त्याआधी कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे कमवा आणि शिका ही योजना खेड्यातील मुलांसाठी राबवली. हाताने काम करत शिकणे आपल्या मातीला नवे नाही. मधल्या काळात आपण ते गरिबांसाठीचे मानून बाजूला ठेवले, असे माझे मत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची तरतूद आहे. आमच्या मुख्याध्यापकांना मी तोच परिच्छेद दाखवला आणि त्यांनी मान्यता दिली.

दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या प्रत्येक मुलाने आपल्या घरचा नाही अशा एका माणसाबरोबर दोन पूर्ण दिवस राहायचे, असे आम्ही ठरवले आहे. वायरमन, पशुवैद्यकीय दवाखान्यातील कर्मचारी, बँकेतील रोखपाल, दूध संकलन केंद्रावरील माणूस, गवंडी, ग्रामपंचायत अधिकारी, जो तयार होईल तो चालेल. परत आल्यावर मुलाने तीनच गोष्टी लिहायच्या : त्या माणसाला सर्वांत जास्त वेळ कशाला लागला, कोणत्या क्षणी तो वैतागला आणि हे काम शिकायला त्याला किती वर्षे लागली. मुलींसाठी सोबत आणि येण्याजाण्याची व्यवस्था शिक्षकांनी करायची आहे, नाहीतर पालक पाठवणार नाहीत आणि त्यांचे म्हणणे योग्यच असेल.

सात_वर्षे_अभ्यासिकेत

मास्तर, आमच्या उत्पादक कंपनीत दोन मुलांना पाठवा. मालाची प्रत ठरवताना शेतकऱ्याशी होणारा वाद आणि महिनाअखेरीचा ताळेबंद, दोन्ही त्यांना पाहू देईन. त्यांपैकी एखादा तलाठी व्हायचे म्हणणारा असला तर त्याच्याशी मी वेगळे बोलेन.

बांधावरून

ताईंनी सांगितल्याप्रमाणे मुलीला लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात पाठवले होते. सकाळी आठला गेली, संध्याकाळी पाचला आली. सिस्टरनी तिला लसीची थंड पेटी उघडी राहू न देणे, बाळाच्या कार्डावर तारीख लिहिणे आणि लस दिल्यावर आईला अर्धा तास थांबवून घेणे, ही कामे दिली. एका आईने बाळाला ताप येईल म्हणून लस घ्यायला नकार दिला आणि सिस्टरनी तिची समजूत घालण्यात वीस मिनिटे घालवली, हे तिने घरी आल्यावर आईला पुन्हा पुन्हा सांगितले. रात्री जेवताना तिने मला विचारले की समजूत घालायलाही शिकवतात का. मी म्हणालो, मला ठाऊक नाही, ताईंना विचारतो.

ताई, शिकवतात का? आणि बीएस्सीसाठी कोणती कागदपत्रे लागतील तेही कळवावे. नॉन-क्रिमीलेअरसाठी उद्या सकाळी सेतू केंद्रात जाणार आहोत. आजोबांचा दाखला पेटीतून काढून पाहिला. नावातील अक्षरे जुळतात.